कॅप्टन टिलिंगची बुडीत कारकीर्द

शालिग्राम उमाळे गुरुजींना घाबरायला मोठं कारण लागत नसे. दारावरची बेल नेहमीपेक्षा जरा लांबली तरी त्यांच्या पोटात गोळा येई. पोस्टमन, पोलीस, कोपऱ्यावरचा तांबडा कुत्रा, मुख्याध्यापकांचा "जरा येऊन जा" असा निरोप, यांतल्या कशानेही त्यांच्या तोंडचं पाणी पळत असे. पण ही गोष्ट त्यांनी जन्मभर कुणाला कळू दिली नव्हती. देहयष्टी उंच, मिशी भरघोस आणि आवाज विहिरीतून यावा तसा खोल. असा माणूस भित्रा असेल हे कुणाच्या मनातही येत नाही, आणि या गैरसमजाच्या आडोशाला गुरुजींनी पन्नाशी सुखरूप ओलांडली होती.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी नौदलात अधिकारी म्हणून निवडली गेली.

आता बुलढाण्यात नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. अशा गावातल्या पोरीला पाण्यावर जाऊन राहायचं सुचावं, ही गोष्टच गुरुजींना कळेना. पण डिंपलला ते कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून सुचलं होतं. ती पहाटे उठून चिखली रोडला पळायची, दुपारी अभ्यास करायची, आणि विचारलं तर "पाहू बाबा" एवढंच म्हणायची. नाव यादीत आलं तेव्हा अन्नपूर्णाबाई आधी रडल्या, मग हसल्या, मग शेजारी सांगायला धावल्या. गुरुजींनी पेढे आणले, गुरुदत्त कॉलनीत घरोघर स्वतः वाटले, "माही पोरगी आता समुद्रावर राज्य करन," असं खर्जात सांगितलं, आणि घरी येऊन ते बाथरूमचं दार लावून बराच वेळ बादलीतल्या पाण्याकडे पाहत बसले.

कारण गुरुजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. देऊळघाटच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवला होता मात्र भरपूर. तो कुठे किती खोल आहे, वादळं कुठे जन्माला येतात आणि कोणत्या महिन्यात किनाऱ्याकडे वळतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. माहिती असणं किती वाईट असतं ते अशा वेळी समजतं. अन्नपूर्णाबाईंना समुद्र म्हणजे मोठा तलाव वाटे, त्या निवांत झोपत.

कॉलनीने डिंपलचा सत्कार ठरवला. सत्काराला वडिलांनी दोन शब्द बोलायचे होते. एवढ्या लोकांसमोर आपला आवाज कापला तर, या भीतीने गुरुजींच्या पोटात पुन्हा गोळा आला, आणि त्या गोळ्यातूनच पुढे एक कल्पना निघाली.

गावातला एक जुना इंग्रजी बंगला पाडायला काढला होता. आतलं सामान कंत्राटदाराने अंगणात मांडून विकायला ठेवलं होतं. गुरुजी गेले होते पुस्तकांसाठी कपाट पाहायला. कपाटाला वाळवी लागलेली होती, पण कपाटाच्या मागे, भिंतीला टेकून, एक माणूस त्यांच्याकडे पाहत उभा होता. गुरुजी दचकून दोन पावलं मागे आले. मग कळलं, ती तसबीर आहे. तैलचित्र. दरवाजाएवढी सागवानी चौकट, आत निळा कोट घातलेला गोरा साहेब, सोनेरी बटणं, गालांवर उतरलेले पांढरे कल्ले, एका हातात दुर्बीण, आणि मागे काळपट समुद्रावर एक जहाज. डोळे असे की तुम्ही कपाटाच्या डाव्या बाजूला गेलात तरी तुमच्याकडे आणि उजव्या बाजूला गेलात तरी तुमच्याकडेच.

"आरमारातला दिसते कोणी मोठा साहेब," कंत्राटदार म्हणाला. "न्या सर. तुमची पोरगी चालली ना तिकडं?"

गुरुजींच्या मनात आलं, रोज उठून या माणसाकडे आणि त्याच्यामागच्या समुद्राकडे पाहिलं, तर आपल्याला सवय होईल. कडू औषधाची होते तशी. शिवाय सत्काराला येणारे लोक म्हणतील, काय बाप आहे, घरात आरमार टांगलं! म्हणजे एकाच चित्रात औषध आणि अब्रू. गुरुजींनी जास्त घासाघीस केली नाही, घासाघीस करायचीही त्यांना भीती वाटे.

घरी अन्नपूर्णाबाईंनी साहेबाला आपादमस्तक पाहून घेतलं.

"हे कोण आणले?"

"नौदलातले अधिकारी होते."

"होते ना? म्हणजे मेलेले. मेलेला माणूस घरात आणला, तोही परका. आपल्या आबांचा फोटो टांगा म्हटलं तं चार वर्षं खिळा भेटला नाही तुम्हाले."

खिळा भेटला. चांगला बोटभर लांब. गुरुजींनी स्वतः स्टुलावर चढून हॉलमधल्या मधल्या भिंतीत ठोकला. शेजारचे किसनराव वानखडे स्टूल धरायला आले होते. किसनराव सेवानिवृत्त तलाठी. जगातल्या कुठल्याही गोष्टीसाठी एक कायदा आहे आणि तो आपल्याला ठाऊक आहे, अशा समाधानात ते निवृत्तीचे दिवस काढत होते. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई यांच्याकडे प्रत्येक गोष्टीसाठी एक अपशकुन असे. दोघांच्या तावडीतून मिळून जगातलं फारसं काही सुटत नसे.

पहिले काही दिवस औषध लागू पडलं नाही. पडेल, म्हणून गुरुजी चहाचा कप घेऊन रोज साहेबासमोर बसत. साहेब त्यांच्याकडे असा पाही, जणू वर्गात गृहपाठ न केलेला मुलगा गुरुजीच होते. अन्नपूर्णाबाईंनी तर जेवताना त्याच्या तोंडावर टॉवेल टाकायला सुरुवात केली. "मले नाही चालत," त्या म्हणाल्या. "तो माह्या ताटात पाह्यते."

डिंपलला मात्र चित्र आवडलं. येता-जाता ती साहेबाला कडक सलाम ठोकी. तिने सलाम ठोकला की गुरुजी पटकन दुसरीकडे पाहत.

चौकटीच्या तळाशी एक पितळी पट्टी होती, काळी ठिक्कर पडलेली. अन्नपूर्णाबाईंनी एक दिवस देवाची भांडी घासता घासता उरलेली चिंच तिच्यावर चोळली, आणि अक्षरं वर आली. गुरुजींनी चष्मा पुसून मोठ्याने वाचलं. कॅप्टन अँब्रोझ टिलिंग. खाली तीन जहाजांची नावं, ज्यांच्यावर त्यांनी नोकरी केली ती. 'ग्रे पेट्रेल', 'फेअर होप' आणि 'ईस्टर्न स्टार'.

"तीन-तीन जहाजं!" गुरुजी म्हणाले. "मोठी कारकीर्द हाय." सत्काराच्या भाषणाला अनायासे मजकूर मिळाला म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं की काहीतरी वाईट होतं हा अनुभव असल्याने लगेच भीतीही वाटली.

किसनरावांनी मोबाइल काढला. "थांबा गुरुजी. आजकाल सारं यात असते." आणि ते मोबाइलला तोंडाजवळ धरून ओरडले, "ग्रे पेट्रेल!"

मोबाइलने पेट्रोलचा आजचा भाव सांगितला.

पुन्हा ओरडले, तेव्हा जवळचा पेट्रोल पंप दाखवला. शेवटी गुरुजींनी इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगितली, किसनरावांनी एका बोटाने दाबली, आणि एक पान उघडलं. किसनराव वाचत गेले तसतसा त्यांचा आवाज खाली येत गेला.

"काय लिहिलं?" गुरुजींनी विचारलं.

"बुडलं म्हणते."

"काय बुडलं?"

"जहाज. खडकावर आपटून. थांबा, दुसरं पाहू." दुसरं पाहिलं. 'फेअर होप' भर समुद्रात पेटलं आणि मग बुडालं. तिसरं पाहू नका, असं गुरुजी म्हणणार होते, पण किसनरावांचं बोट पुढे गेलं होतं. 'ईस्टर्न स्टार' बंगालच्या उपसागरात चक्रीवादळात सापडलं. पुढे वाचायची गरजच नव्हती, बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ गुरुजींनी आठवीला शिकवलं होतं.

 वच्छलाबाई इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"म्हणजे हा ज्या जहाजावर पाय ठेवते थे बुडते," त्या म्हणाल्या. "आन् तुम्ही त्याले घरात आणून ठेवला. पोरगी जहाजावर चालली, आन् तुम्ही त्याले घरात आणून ठेवला! बाप्पा बाप्पा!"

"हे सारं योगायोगाचं असते," गुरुजी खर्जात म्हणाले. आणि ते खाली बसले. नेमके साहेबासमोर.

आणि त्याच सकाळी, किसनराव मोबाइल खिशात घालत असतानाच, गल्लीत बायकांचा आवाज उठला, "नळ आले! नळ आले!" अन्नपूर्णाबाई धावत जाऊन मोटर लावून आल्या. आणि साहेबाच्या मागून, भिंतीतून, एक बारीक आवाज यायला लागला. आधी सूं, मग फस्स. मग तसबीर भिंतीपासून जराशी सुटली, आणि चित्रातल्या समुद्राच्या बरोब्बर खालून खरं पाणी हॉलमध्ये कोसळू लागलं.

वच्छलाबाई किंचाळल्या. किसनराव सोफ्यावर चढले. गुरुजींना हलताच येईना. पाणी त्यांच्या पायांभोवती आलं, चप्पल तरंगत गेली, टीपॉयखालचं वर्तमानपत्र गलबतासारखं स्वयंपाकघराकडे निघालं, आणि वर साहेब त्यांच्याकडे तसाच पाहत राहिला.

नळदुरुस्तीवाल्याने येऊन अर्ध्या मिनिटात निदान केलं. वरच्या टाकीला पाणी नेणारी नळी त्याच भिंतीतून गेली होती आणि गुरुजींचा बोटभर खिळा तिच्यात गेला होता. इतके दिवस नळी कोरडी होती, म्हणून कळलं नाही. "सर, खिळा मारायच्या आधी इचारत जा," तो म्हणाला. गुरुजींना हे पटलं. वच्छलाबाईंना पटलं नाही. "खिळा तिथंच काऊन गेला मंग?" त्यांनी विचारलं, आणि या प्रश्नाला नळदुरुस्तीच्या शास्त्रात उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून गुरुजींच्या घशाखाली घास उतरेना. वर्गात हिंदी महासागर काढला की हात थांबे. एकदा तर "या महासागरात आपली" एवढं बोलून ते खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मुलांना वाटलं, पाठ संपला. त्यांनी मनाशी ठरवलं, डिंपल जायच्या आत हा साहेब घरातून गेला पाहिजे.

आता बघा, वस्तू घरात आणणं सोपं असतं.

कंत्राटदाराकडे गेले तर तो खाटेवर पडून होता, उजवा पाय प्लास्टरमध्ये. ज्या दिवशी तसबीर विकली त्याच संध्याकाळी शिडीवरून पडला होता. त्याने गुरुजींना पाहताच दोन्ही हात जोडले. "सर, पैसे वापस पाहिजे तं घेऊन जा. पण तो वापस आणू नका." गुरुजी पैसे न घेता, चहाही न पिता, जवळजवळ पळतच परतले.

मग चित्र सरकारला दान द्यावं असं ठरलं. दान म्हटलं की मान मिळतो, अशीही एक बारीक आशा होती. एका सरकारी कार्यालयात गुरुजी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"चित्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे का?"

"असेल."

"असेल तर ती पुरातन वस्तू झाली. मग ती तुमच्याकडे कशी, कुणाच्या परवानगीनं, आणि आजपर्यंत का कळवलं नाही, याचा खुलासा द्यावा लागेल."

"आणि शंभर वर्षांपूर्वीचं नसेल तर?"

"तर आम्ही कशाला घेऊ?"

गुरुजी "बरं" म्हणाले आणि बाहेर येऊन कडुनिंबाखाली उभे राहिले. आयुष्यात त्यांना कुणी "खुलासा द्या" म्हटलं नव्हतं. दुसऱ्याकडून खुलासे घेण्याचा मान भूगोलाच्या शिक्षकाचा असतो. किसनरावांनी तर आगीत तेलच ओतलं. "खुलासा म्हणजे आधी चौकशी, गुरुजी. चौकशी म्हणजे पोलीस. आन् डिंपलचं पोलीस व्हेरिफिकेशन बाकी हाय ना? बापावर केस असली तं पोरीले घेत नाहीत. अटकून जाईन तिचं."

आणि इथे एक गोष्ट घडली. ती गुरुजींनी पुढे कधी कुणाला सांगितली नाही. ते ऐकून त्यांना आधी धडकी भरली, आणि त्या धडकीच्या पाठोपाठ, मांजर दाराच्या फटीतून शिरावं तसं, थोडं बरंही वाटलं. अटकलं तर ती जाणार नाही. इथेच राहील, बँकेत लागेल, संध्याकाळी घरी येईल. हे मनात आल्याबरोबर त्यांना स्वतःचीच इतकी भीती वाटली की त्यांनी किसनरावांचा दंड घट्ट धरला.

"नाही," ते म्हणाले. "तिचं काही अटकलं नाही पाहिजे. आजच्या आज काढू याले."

रोहिणखेडला गुरुजींचा चुलतभाऊ होता. घर मोठं, भिंती रिकाम्या, आणि जहाजाशी त्याचा संबंध सात पिढ्यांत यायची शक्यता नव्हती. तसबीर त्याला भेट द्यायची असं ठरलं. गोविंदाची ऑटो सांगितली. चौकट आडवी काही बसेना, म्हणून ती मागच्या सीटवर मधोमध उभी केली, उन्हाने रंग जाऊ नये म्हणून तिच्यावर पांढरी चादर पांघरली, वाऱ्याने उडू नये म्हणून गळ्याच्या जागी दोरी बांधली, आणि तिच्या एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला किसनराव असे बसले. निघताना गोविंदाने मागे पाहिलं आणि तो गालातल्या गालात हसत म्हणाला, "बरोबर बसले तिघं."

राजूर घाटात त्या दिवशी बंदोबस्त होता. वळणावर हवालदाराने हात केला. ऑटो थांबली. गुरुजींच्या कानात गरम वारा शिरल्यासारखं झालं.

हवालदार वाकला. "मधात कोण हाय?"

आता खरं सांगायला काहीच हरकत नव्हती. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडून खरं सगळ्यात शेवटी निघतं. कायद्याचे जाणकार किसनराव म्हणाले, "पेशंट हाय."

"मंग तोंडावर चादर काऊन टाकली? श्वास तं घेऊ द्या त्याले."

"घेत नाही तो," गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

हवालदार सरळ झाला. त्याने शिट्टी तोंडात घातली, काढली, आणि "खाली उतरा, दोघंही," असं अगदी हळू आवाजात म्हणाला. मग हात लांब करून, स्वतः शक्य तितका मागे राहून, त्याने दोरी सोडली आणि चादर ओढली. कॅप्टन टिलिंगने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हवालदाराचा हात आपोआप कपाळाशी गेला आणि टाचा जुळल्या. मग त्याच्या लक्षात आलं. मागच्या गाडीवाल्यांनी पाहिलं नाही ना, याची त्याने आधी खात्री करून घेतली.

"नाव काय तुमचं?"

"शालिग्राम उमाळे. गुरुदत्त कॉलनी. माही काही चूक नाही."

"उमाळे?" हवालदाराने छातीवरच्या पट्टीवरून हात फिरवला. पट्टीवर नाव होतं, प्रसेनजित हिवाळे. "डिंपल उमाळे तुमची पोरगी? तिचं व्हेरिफिकेशन माह्याचकडे हाय, सर. बंदोबस्त संपलाच आता, मंग तुमच्याकडेच येऊन राह्यलो होतो. चला, सोबतच जाऊ. यालेही घ्या."

अशा रीतीने साहेब, पोलिसांच्या मोटारसायकलमागे, पांढरी चादर खांद्यावर टाकून, बुलढाण्याला परत आला. कॉलनीच्या तोंडाशी लोक उभे राहून पाहत होते. कुणी म्हणालं, उमाळे गुरुजींना धरून आणलं. कुणी म्हणालं, सोबत फॉरेनर सापडला. गुरुजींनी मान खाली घातली ती घरात शिरेपर्यंत वर केली नाही.

हिवाळे सोफ्यावर बसले. साहेबाला समोरच्या खुर्चीवर टेकवून ठेवलं होतं. अन्नपूर्णाबाईंनी चहा आणला आणि कप देताना निम्मा चहा बशीतच गेला.

"घरात कोणावर काही केस?" हिवाळेंनी विचारलं.

गुरुजींना वाटलं, हाच तो क्षण. आता लपवण्यात अर्थ नाही. ते उभे राहिले आणि एका दमात सगळं बोलून गेले, बंगला, कंत्राटदार, शंभर वर्षं, खुलासा, नळी, चुलतभाऊ. "पण साहेब, पोरीचा याच्यात काही दोष नाही. जे काय असन ते माह्या नावावर लिहा. तिचं थांबवू नका."

हिवाळेंनी चहाचा घोट घेतला. "सर, चोरून आणलं का तुम्ही हे?"

"नाही. इकत घेतलं."

"मंग बसा ना. तुमच्या घरात कोणता फोटो हाय याच्याशी नौदलाले काय करायचं? माह्या घरी दोन कॅलेंडरं हायेत, मागच्या सालची." आणि ते हसले.

इतके दिवस जपलेली भीती कुणी अशी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकली की माणसाला सुटल्यासारखं वाटायला हवं. गुरुजींना थोडा अपमान वाटला. पण वच्छलाबाई होत्याच. त्या दारातून आत आल्या.

"पोलीसदादा, तुम्हाले ठाऊक नाही. तीन जहाजं बुडवली यानं. तीन! पोरगी समुद्रावर चालली, म्हणून काढून राह्यले ते याले घरातून."

"कोण काढून राह्यलं?"

हा आवाज डिंपलचा होता. बाजारातून नवे बूट घेऊन ती दारात उभी होती. तिने सगळ्यांकडे पाहिलं, पोलिसाकडे, आईकडे, खुर्चीवर बसवलेल्या साहेबाकडे, आणि सगळ्यात शेवटी वडिलांकडे. वच्छलाबाईंनी तिला तिन्ही जहाजं सविस्तर बुडवून दाखवली. डिंपल ऐकत साहेबासमोर जाऊन उकिडवी बसली.

"काकू," ती म्हणाली, "तिन्ही जहाजं बुडाली ना?"

"हाव. किसनरावाले इचार."

"मंग हा म्हातारा कधी झाला?"

वच्छलाबाईंनी वाकून तसबिरीकडे पाहिलं.

"कल्ले पाहा. सारे पांढरे. पोट पाहा. पट्टीवर तिन्ही जहाजांची नावं कोरली, म्हणजे तिसरं बुडाल्यावरच हे चित्र काढलं. खडकावर आपटला, निघाला. जहाज पेटलं, निघाला. तुफानातून निघाला. आन् मंग एवढ्या दूर, जिथं समुद्राचा थेंब नाही, तिथं म्हातारपणी बंगल्यात येऊन बसला."  मग जरा हळू म्हणाली, "याच्या बापानं तीनदा याच्या नावानं डोळे पुसले असतीन. आन् तीनदा हा दारात येऊन उभा राह्यला असन."

हिवाळेंनी कप खाली ठेवला. वच्छलाबाई आयुष्यात पहिल्यांदा शकुन आणि अपशकुन यांच्या मधोमध अडकल्या, आणि "पाहू बाप्पा," म्हणून घरी निघून गेल्या.

संध्याकाळी गुरुजी गच्चीवर वाळत घातलेल्या मुगाच्या वड्या गोळा करत होते. डिंपल वर आली आणि ताट धरून उभी राहिली.

"बाबा, तुम्ही त्या फोटोले भेता की मले पाठवाले?"

गुरुजींनी खर्जातला आवाज काढायचा प्रयत्न केला. निघाला नाही. "पाठवाले," ते म्हणाले. "लय भेव वाटते मले. पहिल्या दिवसापासून."

डिंपलने एक वडी उचलली, पुन्हा ताटात ठेवली. "मलेही वाटते," ती म्हणाली. "तुम्ही साऱ्या कॉलनीत पेढे वाटत फिरले, छाती काढून. मले वाटलं, यायले काहीच वाटत नाही, मंग म्याच कशी भेऊ? म्हणून बोलली नाही कोणापाशी."

गुरुजींच्या ओठांवर वाक्य तयार होतं. मंग नको जाऊ. ते त्यांनी गिळलं. गेले कित्येक दिवस घशाखाली काही उतरत नव्हतं, पण हे उतरलं. फार कष्टाने, पण उतरलं.

"पोहता येते ना तुले चांगलं?"

"येते बाबा."

"आणखी शीक."

सत्कार झाला. गुरुजींचा आवाज पहिल्याच वाक्याला कापला आणि शेवटपर्यंत कापत राहिला. लोकांना वाटलं, बापाला गहिवर आला, आणि टाळ्या पडल्या. साहेब दुसऱ्या भिंतीवर गेला. खिळा मारायच्या आधी गुरुजींनी नळदुरुस्तीवाल्याला बोलावून भिंत दाखवली.

मलकापूरहून निघाले, दोन गाड्या बदलल्या, आणि बापलेक केरळात उतरले. नौदलाच्या प्रशिक्षण अकादमीच्या प्रवेशद्वाराशी डिंपलने वाकून नमस्कार केला, बॅग उचलली आणि आत गेली. वळून पाहिलं की नाही ते गुरुजींना सांगता येणार नाही, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

परतीच्या गाडीला वेळ होता. विचारत विचारत ते किनाऱ्यावर गेले. नारळांच्या मागून तो आधी ऐकू आला, मग दिसला. गुरुजी जागीच उभे राहिले. एवढा मोठा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पलीकडचा काठच नव्हता त्याला.

जवळच वाळूत एक उंचापुरा माणूस उभा होता. डोक्याला फेटा, मिशा गुरुजींपेक्षाही मोठ्या, हातात बूट. तो प्रवेशद्वाराशी आपल्या मुलाला सोडत होता तेव्हा गुरुजींनी त्याला पाहिलं होतं. तो राजस्थानच्या वाळवंटातला, बाडमेरचा निघाला. गुरुजींनी आपल्या शाळकरी हिंदीत विचारलं, "पहली बार देख रहे हैं?"

"जी." तो समुद्रावरून नजर न काढता म्हणाला. "भाई साहब, आपको तैरना आता है?"

"नहीं."

"मुझे भी नहीं."

 मग तो म्हणाला, "एक बार पाँव तो रखना पड़ेगा. लड़का फोन पर पूछेगा." गुरुजींनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. त्या माणसाने हात पुढे केला आणि गुरुजींनी तो धरला. दोन मिशाळ, प्रौढ, प्रतिष्ठित माणसं एकमेकांचा हात घट्ट धरून ओल्या वाळूवरून पुढे सरकू लागली.

लाट आली. फार मोठी नव्हती, पण आली. दोघेही ओरडले आणि कोरड्या वाळूपर्यंत पळाले. हात मात्र सुटले नाहीत. धापा टाकत त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फिर चलें?" बाडमेरवाल्याने विचारलं.

"चला," गुरुजी म्हणाले.